नवाकोरा पीसी सारखा हँग होतोय? विंडोज पुन्हा टाकण्याआधी हे वाचा

राजारामपुरीतून पार्ट घेतले, एखादा पार्ट पुण्याहून मागवला, मित्राने असेंबल करून दिला. दोन दिवस पीसी मक्खन चालला. तिसऱ्या दिवशी प्रोजेक्ट रेंडर करताना स्क्रीन जागच्या जागी थांबली. माऊस हलेना, कीबोर्ड चालेना. शेवटी पॉवर बटण दाबून धरण्याशिवाय इलाज राहिला नाही.

दुकानात विचारलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं, "विंडोज परत टाकून देतो." बऱ्याचदा तेवढ्याने भागत नाही, आणि वॉरंटीचे दिवस मात्र निघून जातात.

आत्ताच हा विषय का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. जुने पीसी विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, म्हणून अनेकांना नवा पीसी घ्यावा लागतोय. नेमक्या याच काळात रॅम महागली. एआय डेटा सेंटरची मागणी इतकी वाढली की मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

मग लोक पैसे वाचवायला काय करतात? एक स्टिक जुनी, एक नवी. प्रोसेसर सेकंड हँड. आणि हँग होण्याची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते.

इंटेलचं प्रकरण काय होतं?

२०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या जनरेशनचे डेस्कटॉप प्रोसेसर जगभर क्रॅश होऊ लागले. गेम सुरू करताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा मेसेज यायचा. लोकांनी ग्राफिक्स कार्डवर संशय घेतला, पण दोष होता प्रोसेसरमध्ये.

जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं, की प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. त्यामुळे आतलं सर्किट हळूहळू झिजतं. ऑगस्टमधल्या दुरुस्तीने ही मागणी १.५५ व्होल्टवर रोखली. त्यानंतरही अपडेट येत राहिले. ०एक्स१२एफ हा अपडेट मे २०२५ मधला.

यात मेख अशी, की अपडेट पुढची झीज कमी करतो, झालेली झीज भरून काढत नाही. म्हणून इंटेलने या प्रोसेसरची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. बॉक्स पॅक प्रोसेसरला ३ ऐवजी ५ वर्षं मिळतात. म्हणजे २०२३ च्या सुरुवातीला घेतलेला प्रोसेसर २०२८ च्या सुरुवातीपर्यंत वॉरंटीत आहे. 'ट्रे' म्हणजे बॉक्सशिवाय विकला जाणारा प्रोसेसर घेतला असेल, तर दाद विकणाऱ्याकडेच मागावी लागते. बिल नसेल तर सगळंच अवघड.

मग आपला पीसी कसा तपासायचा?

एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

१. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो बंद करा. ही सेटिंग रॅमला जास्त वेगाने पळवते. बंद केल्यावर हँग थांबलं, तर रॅम किंवा तिची सेटिंग संशयित.

२. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तर प्रत्येक स्टिक एकटी लावून पुन्हा तपासा.

३. बायोस अपडेट करा, पण यूपीएस लावूनच. वळवाच्या पावसात लाईट गेली आणि अपडेट अर्ध्यात राहिला, तर मदरबोर्ड सुरूच होणार नाही.

४. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं म्हणून लगेच पॉवर सप्लाय बदलू नका. बटण दाबून पीसी बंद केला तरी ही नोंद होते. 'व्हीआ-लॉगर' दिसलं तर मात्र दोष बहुधा हार्डवेअरचा.

५. प्रोसेसरचं तापमान बघा. कूलरखालचं प्लास्टिक काढायचं राहून जाणं ही नव्या पीसीतली नेहमीची चूक आहे.

६. एवढं करूनही थांबलं नाही, तर मित्राचा पॉवर सप्लाय लावून बघा. घराचं अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

दुकानदार ऐकत नसेल तर?

हँग झालेल्या स्क्रीनचा व्हिडिओ, मेमटेस्टचा फोटो, तारखा आणि बिल जपून ठेवा. तक्रार लेखी करा, व्हॉट्सअॅपवर का होईना. 'कधीकधी अडकतो' असं सांगितलं तर कुणी मनावर घेत नाही. रॅमच्या अमुक स्टिकवर एरर येते, हे फोटोसकट दाखवलं की टोलवाटोलवी अवघड होते.

तरीही दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. त्यामुळे दुकान पुण्यातलं किंवा ऑनलाईन असलं तरी कोल्हापुरात दाद मागता येते. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत मात्र २ वर्षांची आहे.

साठवलेले पैसे घालून घेतलेला पीसी 'असाच चालायचा' म्हणून सोडून देऊ नका. आज रात्री मेमटेस्ट लावा आणि सकाळी बिल शोधून त्याचा फोटो काढून ठेवा.