इंजिन चालू, गाडी उभी

आपल्यातील कितीतरी तरुण कर्ज काढून जुनी व्हॅन किंवा टेम्पो घेतात आणि त्यावर घर चालवतात. अशी गाडी एखाद्या सकाळी जागची हलली नाही की त्या दिवसाची चूल अडते. त्या घाईत मेकॅनिक जो आकडा सांगेल तो आपण मुकाट्याने कबूल करतो. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे.

आमचे मेहुणे देवगडजवळ जामसंडे येथे राहतात. त्यांच्याकडे जुनी मारुती व्हॅन आहे. उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या आणि गणपतीत कणकवली स्टेशनवर उतरणारे चाकरमानी, हे तिचे दोन हंगाम. एका वर्षी मेहुणे आजारी पडले आणि ऐन पावसात दोन महिने गाडी अंगणात हँडब्रेक ओढून उभी राहिली. गणपती चार दिवसांवर आले तेव्हा बॅटरी चार्ज करून आणली. इंजिन सुरू झाले. पहिला गिअर टाकून क्लच सोडला, तर गाडी मागे किंचित दबली आणि इंजिन बंद पडले. तीनदा तेच झाले. मेकॅनिकने फोनवरच निकाल दिला, "क्लच प्लेट गेली, पाच-साडेपाच हजार लागतील." बहीण बचत गटातून कर्ज काढायला निघाली.

मेहुण्यांच्या थोरल्या काकांनी तिला थांबवले. काकांची उमर मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवण्यात गेली. (ती टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली.) ते म्हणाले, "अरे झिला, प्लेट गेली असती तर इंजिन बंद पडला नसता, नुसता बोंबलत रवला असता!"

या एका वाक्यात निम्मे निदान आहे. इंजिनची शक्ती क्लच, गिअर बॉक्स, शाफ्ट, ॲक्सल अशा क्रमाने चाकांपर्यंत जाते. पॅरिसच्या पानार-लव्हासोर कारखान्याने १८९१ मध्ये जी मांडणी केली, तिचाच हा क्रम आहे. या साखळीची कडी तुटली तर इंजिन मोकळे फिरते. साखळी शाबूत असून चाकच कोणी धरून ठेवले असेल, तर इंजिनवर भार येऊन ते बंद पडते. तेव्हा खर्चाला हात घालण्यापूर्वी सपाट जागेवर पुढील तपासणी करावी.

पहिली : इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली. दोघांनी गाडी ढकलावी. हलली नाही तर दोष ब्रेकमध्ये किंवा चाकात आहे. क्लचला हात लावू नये.

दुसरी : गाडी ढकलून हलते, पण गिअर पडतो का? इंजिन बंद असताना पडतो आणि चालू असताना करकरतो, तर क्लच पुरता सुटत नाही. केबल सैल झाली असेल, तेलाचा क्लच असल्यास तेल उतरले असेल किंवा प्लेट गंजून चिकटली असेल. इंजिन बंद असतानाही गिअर पडत नसेल, तर लिव्हरपासून गिअर बॉक्सपर्यंतचे रॉड, केबल, बुश पाहावेत.

तिसरी : इंजिन बंद ठेवून पहिल्या गिअरमध्ये गाडी ढकलावी. ती अडली पाहिजे. सहज पुढे गेली तर गिअर आत पडलेलाच नाही किंवा शाफ्ट, जॉइंट, ॲक्सल यांपैकी काही तुटले आहे.

चौथी : वरील सर्व ठीक असेल तर इंजिन चालू करून हँडब्रेक घट्ट ओढावा, समोर कोणी उभे राहू नये. तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच पकडतो आहे. चालूच राहिले आणि जळका वास आला, तर क्लच सरकतो आहे. ही चाचणी एकदाच, काही सेकंदच करावी. तरीही लगेच प्लेट बदलू नये. केबल फार ताणलेली असली तरी क्लच सरकतो, आणि ते काम नट फिरवण्याचे असते.

मेहुण्यांची गाडी पहिल्याच तपासणीत अडली. पुढच्या चाकांना चिऱ्याचे तुकडे लावून मागची चाके काढली. खाऱ्या, दमट हवेने ड्रम गंजून ब्रेक शू त्याला चिकटले होते. लाकडी हातोड्याने ड्रमला चहूबाजूंनी ठोके दिले तेव्हा तो सुटला. शू पॉलिश पेपरने घासले, हँडब्रेकची केबल साफ केली. संध्याकाळी गाडी कणकवलीच्या वाटेला लागली. कर्ज काढावे लागले नाही.

किनाऱ्यावरच्या वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना दगड लावून ठेवावी. हँडब्रेक ओढू नये. आठवड्यातून एकदा चार पावले पुढे-मागे करावी. इंजिन चालू असताना किंवा नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

मेकॅनिकचे ज्ञान मोठे आहे, त्याची मजुरी जरूर द्यावी. पण "प्लेट गेली" असे कोणी म्हणाले तर एवढे विचारावे, "इंजिन बंद पडते की नुसते ओरडते?" हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.