संयुक्त राष्ट्रांचं पदक शौर्यासाठी नसतंच! मग ते कशासाठी मिळतं आणि छातीवर सगळ्यात शेवटी का लावतात?

दरवर्षी २९ मे, म्हणजे आंतरराष्ट्रीय शांतिसैनिक दिन जवळ आला की सोशल मीडियावर ठरावीक फोटो फिरायला लागतो. परदेशातलं कुठलंतरी मैदान, निळ्या टोप्या घातलेले भारतीय जवान रांगेत उभे आणि एक अधिकारी त्यांच्या छातीवर नवंकोरं पदक लावतोय. खाली ओळ असते, ‘भारतीय जवानांच्या शौर्याचा संयुक्त राष्ट्रांकडून गौरव’. फोटो खरा असतो. ती ओळ मात्र बहुतेक वेळा चुकीची असते.

‘युनायटेड नेशन्स मेडल’ हे शौर्यपदक नाही, सेवापदक आहे. शांतिसेनेच्या मोहिमेवर साधारण ९० दिवसांची सेवा झाली की ते मिळतं. स्वयंपाकी असो, डॉक्टर असो किंवा बटालियनचा कमांडिंग ऑफिसर, पदक एकच. पुढच्या बाजूला संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह आणि ‘यूएन’ ही अक्षरं, मागे ‘शांततेच्या सेवेत’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ. त्याच मोहिमेवर पुन्हा गेलात तर दुसरं पदक मिळत नाही, फितीवर छोटा अंक लागतो.

मग कोण कुठे होता हे कळायचं कसं? तर फितीवरून. प्रत्येक मोहिमेची फीत वेगळी असते. १९५६ मध्ये सुएझ संकटानंतर गाझा आणि सिनाईत जी शांतिसेना गेली, तिच्यात भारतीय तुकड्याही होत्या. तिच्या फितीचा रंग वाळूसारखा आहे, कारण सिनाईचं वाळवंट. मधे संयुक्त राष्ट्रांचा निळा पट्टा, आणि कडेला दोन बारीक रेघा: गडद निळी सुएझ कालव्यासाठी, हिरवी नाईलच्या खोऱ्यासाठी. काँगोत गेलेल्यांना सुरुवातीला जुन्याच एका मोहिमेची फीत मिळाली, फक्त वर ‘काँगो’ असं लिहिलेली धातूची पट्टी जोडून. त्यांची स्वतःची हिरवी फीत आली १९६३ मध्ये.

शौर्याचं काय?

काँगोचं नाव निघालं की कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया आठवतातच. ५ डिसेंबर १९६१ ला एलिझाबेथव्हिल इथे ते लढता लढता शहीद झाले. त्यांना परमवीर चक्र मिळालं, पण ते दिलं भारताने. संयुक्त राष्ट्रांकडे तेव्हा शौर्यासाठी वेगळं पदकच नव्हतं. असामान्य धैर्यासाठीचं ‘कॅप्टन म्बाये दियान पदक’ सुरक्षा परिषदेने थेट २०१४ मध्ये सुरू केलं. रवांडात १९९४ च्या नरसंहारात जिवावर उदार होऊन शेकडो लोकांना वाचवणाऱ्या सेनेगलच्या अधिकाऱ्याचं हे नाव.

मोहिमेवर प्राण गमावणाऱ्यांसाठी १९९७ पासून ‘डाग हामरशोल्ड पदक’ आहे. गंमत म्हणा किंवा दुःख, नावात पदक असलं तरी ते छातीवर लावताच येत नाही. तो स्फटिकाचा अंड्याच्या आकाराचा तुकडा असतो, त्यावर सैनिकाचं नाव आणि मृत्यूची तारीख कोरलेली असते. कुटुंबाने तो घरात ठेवायचा. २०२५ मध्ये ब्रिगेडियर अमिताभ झा आणि हवालदार संजय सिंग यांना हा सन्मान मरणोत्तर मिळाला. शांतिमोहिमांमध्ये आजवर सुमारे १८० भारतीयांनी प्राण गमावलेत, कुठल्याही देशापेक्षा जास्त.

छाती ‘वाचायची’ कशी?

पदकं डाव्या छातीवर असतात. वाचायला सुरुवात करायची कोटाच्या बटणांकडून आणि जायचं खांद्याकडे. सगळ्यात मानाचं पदक बटणांजवळ. रोजच्या गणवेशावर नुसत्या फितींच्या पट्ट्या असतात, तिथे वरची ओळ आधी वाचायची. शौर्य आणि विशिष्ट सेवेची पदकं आधी, मग मोहिमांची, मग ३०, २० आणि ९ वर्षांच्या सेवेची. बाहेरच्यांनी दिलेली पदकं त्यानंतर, आणि संयुक्त राष्ट्रांचं पदक त्यातच येतं.

आपल्या नागपूरचे, माजी लष्करप्रमुख जनरल मनोज पांडे यांचा गणवेशातला फोटो काढून बघा. इथिओपिया-इरिट्रियाच्या शांतिमोहिमेत ते चीफ इंजिनिअर होते. त्या मोहिमेची फीत अगदी शेवटी आहे. काँगोत ब्रिगेडचं नेतृत्व केलेल्या जनरल बिपिन रावत यांचंही तसंच.

आधी स्वतःच्या देशाचा सन्मान, मग इतरांचा, हा विचार समजण्यासारखा आहे. पण काँगोच्या जंगलात गोळ्या झेललेल्या जवानाची फीत नऊ वर्षं नोकरी झाली म्हणून मिळालेल्या फितीच्या मागे जाते, हे मला तरी खटकतं. ब्रिटनमध्ये ही पदकं इतर मोहिमांच्या पदकांसोबत तारखेच्या क्रमाने लावतात. अमेरिकेचा नियम आणखी कडक: संयुक्त राष्ट्रांची फीत एकच लावायची, पुढच्या मोहिमांसाठी तिच्यावर तारा.

परेडमध्ये पदक साध्या पिनेने लावतात. नंतर ते बाकीच्या पदकांसोबत एका पट्टीवर बसवून घ्यावं लागतं. एका पद्धतीत पदकं मोकळी लोंबतात, चालताना वाजतात. दुसरीत फीत मागच्या कडक पाठीवरून खालपर्यंत येते आणि पदक तिच्यावर पक्कं शिवलेलं असतं, त्यामुळे आवाज नाही, ओरखडेही नाहीत. जागा कमी पडली तर पदकं एकमेकांवर थोडी चढवतात, पण पहिलं पूर्ण दिसलंच पाहिजे. मेसमधल्या रात्रीच्या जेवणाला सगळ्यांच्या छोट्या प्रतिकृती लावतात.

वडिलांचं पदक मी लावू शकतो का?

दिवंगत सैनिकाच्या जवळच्या नातेवाइकांना युद्धस्मारकावरच्या श्रद्धांजली कार्यक्रमासारख्या प्रसंगी पदकं लावायला लष्कराने मुभा दिली आहे, पण उजव्या छातीवर. डावी बाजू ज्याने ते कमावलं त्याची. रीलसाठी ऑनलाइन मागवलेली पदकं आणि गणवेश घालून आपण सैनिक असल्याचं भासवत असाल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता या फिती मिळण्याच्या जागाही कमी होतायत. मालीतली मोहीम २०२३ अखेर बंद झाली. पैशांच्या चणचणीमुळे ऑक्टोबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नऊ मोहिमांमधले साधारण पाव शांतिसैनिक कमी करायचं ठरवलं. लेबनॉनमधल्या ‘युनिफिल’मध्ये भारतीय बटालियन १९९८ पासून आहे. सुरक्षा परिषदेच्या २८ ऑगस्ट २०२५ च्या ठरावानुसार या मोहिमेची मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपते आणि त्यानंतर वर्षभरात सैन्य परत यायचं आहे. त्यानंतर तिथे ९० दिवस मोजायला कुणी नसेल, आणि ती फीत सिनाईच्या वाळूरंगी फितीसारखी फक्त जुन्या छातींवर दिसेल.