साम्याचा चकवा

परदेशांत गेलेल्या मनुष्याची फजिती कोठें होते, असें विचारलें तर बहुतेक जण उत्तर देतील, "जेथें सगळेंच निराळें असतें तेथें." आम्हांस हें उत्तर अर्धेंच खरें वाटतें. जेथें सर्व कांहीं निराळें, तेथें मनुष्य जपून पाऊल टाकतो. जेथें घरच्यासारखें दिसतें, तेथें तो निर्धास्त होतो आणि नेमका तेथेंच घसरतो. दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें, ही म्हण कोरियांत जाऊन राहणाऱ्या परकीयांस, आणि त्यांतहि आपल्या लोकांस, फार लागू पडते. पुण्याजवळ रांजणगांवास कोरियन कारखाना उभा आहे, आणि आपले तरुण शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं सेऊल शहरीं जात आहेत. तेव्हां हा विषय आतां दूरचा राहिलेला नाहीं.

प्रथम पाश्चात्यांचें पाहूं. १६५३ सालीं हेंड्रिक हामेल नांवाच्या डच माणसाचें जहाज जेजू बेटाच्या किनाऱ्यावर फुटलें आणि त्यास तेरा वर्षें कोरियांत अडकून राहावें लागलें. १६६६ सालीं तो निसटला, आणि त्याच्या वृत्तांतामुळें युरोपास त्या देशाची पहिली सविस्तर ओळख झाली. तेव्हांपासून पाश्चात्यांच्या चुका बहुधा ढोबळ असतात: जोडे घालून घरांत शिरणें, वडिलांच्या आधीं जेवावयास लागणें, आडनांव आधीं येतें हें न कळून 'किम' हेंच पाळण्यांतलें नांव समजणें, 'जेवलात का?' या नुसत्या कुशलप्रश्नास आमंत्रण समजणें. नकाशांत बौद्ध मंदिराची खूण म्हणून डावीकडे वळलेलें स्वस्तिक छापलेलें असतें. तें पाहून युरोपियनास जर्मनी आठवते, आपणांस दारापुढची रांगोळी.

कोणी वय विचारलें म्हणजेहि पाश्चात्य मनुष्य रागावतो. परंतु ही चौकशी आगाऊपणाची नव्हे. थोरल्याशीं एक क्रियापद व धाकट्याशीं दुसरें, अशी त्या भाषेची घडण आहे; वय कळल्यावांचून वाक्य पुरें करणें अवघड. पूर्वीं तेथें मूल जन्मतांच एक वर्षाचें मानीत आणि नववर्षदिनीं सर्वांचेंच वय एकानें वाढे. २८ जून २०२३ पासून कायद्याच्या व सरकारी व्यवहारांत जन्मदिवसापासून वय मोजण्याची रीत सरसकट लागू झाली. परंतु थोरला कोण व धाकटा कोण, हा प्रश्न कांहीं त्यामुळें मिटला नाहीं.

आपल्या घरांत वाढलेला मुलगा यांपैकीं बहुतेक चुका करणार नाहीं. जोडे बाहेर काढणें, वडिलांनीं आपोशन घेतल्याखेरीज घास न उचलणें, हें त्याच्या अंगवळणीं पडलेलें असतें. "हें तर आपलेंच घर!" असें त्याच्या मनांत येतें, आणि येथेंच चकवा लागतो.

आपण उजव्या हातानें देतों-घेतों आणि तेवढ्यानें शिष्टाचार पुरा झाला असें मानतों. कोरियांत वडील माणसास वस्तु द्यावयाची ती दोन्ही हातांनीं, निदान उजव्या हातास डाव्या हाताचा आधार देऊन. नुसता उजवा हात पुढें करणारा मराठी तरुण आपण आदर दाखविला या समजुतींत असतो. समोरच्या वृद्धास मात्र तो बेपर्वा वाटतो.

नमस्काराचेंहि तेंच. वडिलांच्या पायांस हात लावण्याची रीत तेथें नाहीं. नववर्षाच्या दिवशीं मुलें वडिलांपुढें गुडघे टेकून, मस्तक जमिनीकडे नेऊन वंदन करतात, तें एकदांच. कारण दोनदां वंदन मृतांस करावयाचें असतें. नमस्कार अधिक तितकी भक्ति अधिक, असें मानणारा मनुष्य जिवंत आजोबांस पितरांत नेऊन बसवितो! एरवीं आदरानें उभें राहतांना पुरुष डावा हात उजव्यावर ठेवितो, प्रेतसंस्काराच्या प्रसंगीं उजवा डाव्यावर. भाताच्या वाडग्यांत चमचा उभा रोवावयाचा तो पितरांच्या पानावर. जेवणाऱ्याच्या वाडग्यांत नव्हे. ज्या घरांत सव्य-अपसव्य पाळतात, त्यांस यांतील मर्म समजावून सांगावयास नको.

आपण लग्नपत्रिकेंत वधूवरांचीं नांवें कुंकवाच्या रंगांत हौसेनें छापतों. कोरियांत जिवंत माणसाचें नांव तांबड्या शाईनें लिहिणें अशुभ समजतात, कारण त्या रंगाचा संबंध मृताच्या नांवाशीं जोडलेला आहे. तांबड्या शाईनें वह्या तपासण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, अशा आमच्यासारख्या मास्तरांनीं तेथें आपली दौत जपूनच उघडावी.

संबोधनांत तर पावलोपावलीं खड्डे आहेत. कोशांत 'तुम्ही' या अर्थीं 'दांगशिन' असा शब्द सांपडतो. 'तूं'पेक्षां 'तुम्ही' बरें, या आपल्या हिशेबानें तो वृद्धापुढें उच्चारला कीं भांडण उकरून काढल्यासारखें होतें. तेथें वडिलांस सर्वनामच लावीत नाहींत. पद किंवा नातें उच्चारतात. संस्कृतांत 'भवान्' म्हटलें कीं क्रियापद तृतीय पुरुषाचें येतें, म्हणजे समोर असलेल्यास आदरानें थोडें दूर बसवावयाचें. त्याच जातीची ही युक्ति आहे. एक गोष्ट मात्र आपल्या लोकांस गोड वाटेल. खाणावळींतील वाढणाऱ्या बाईस तेथें 'इमो' म्हणतात, आणि इमो म्हणजे मावशी!

कुळाचा विषय निघाला म्हणजे दोन चुका ठरलेल्या. लग्नानंतर कोरियन स्त्रीचें आडनांव बदलत नाहीं. तेव्हां तिला नवऱ्याच्या आडनांवानें हांक मारणें हा आपला मान तिच्या गळ्यांत घालण्याचा प्रकार होय. दुसरी चूक, सारे किम भाऊबंद समजण्याची. किम, ई व पाक या तीन आडनांवांतच दर दहांपैकीं चारांहून अधिक माणसें येतात. खरी ओळख पटते ती कुळाच्या मूळ गांवावरून. गिम्हेचे किम निराळे, क्योंजूचे किम निराळे. एक आडनांव व एक मूळ गांव असलेल्यांच्या विवाहास तेथें कायद्यानें बंदी होती. १९९७ सालीं तेथील घटना-न्यायालयानें ती अग्राह्य ठरविली आणि २००५ सालीं कायदा बदलला. आपल्याकडे सगोत्र विवाहाची कायदेशीर अडचण १९४६ सालींच दूर झाली होती, हें वाचकांस आठवत असेल.

येथवर वाचून कोणी म्हणेल, "चुकलें तर चुकलें, कोणी सांगेल, आम्ही सुधारूं." गोम आहे ती येथेंच. कोरियन लोक 'नुन्ची' नांवाच्या गुणास फार मान देतात. समोरच्याच्या चेहऱ्यावरून, मौनावरून त्याचें मन ओळखणें, हा त्याचा अर्थ. जें न बोलतां कळावें तें बोलून दाखविणें ते बहुधा टाळतात. पाहुण्यास लाजविणें त्यांस बरें वाटत नाहीं. त्यामुळें चुकणाऱ्यास चूक कळतच नाहीं. त्यास एवढेंच दिसतें, कीं बोलावणीं विरळ झालीं आणि बोलणें गोड पण कोरडें झालें. वर्षानुवर्षें राहूनहि तो उंबऱ्यावरच उभा असतो.

विद्यार्थ्याचें यांत फार तर एखादें स्नेहबंधन तुटतें. परंतु व्हिएतनाम, चीन, फिलिपाइन्स या देशांतून सून म्हणून जाणाऱ्या मुलींचें काय? त्यांस तो उंबरा जन्मभराचा असतो. कोरियन सरकारनें २००८ सालीं अशा कुटुंबांच्या साहाय्यासाठीं कायदा केला; भाषा शिकविण्याची व सल्ला देण्याची सोय झाली. तथापि सासूच्या मनांतलें ओळखण्याची विद्या कोणत्या वर्गांत शिकवावी? उलट बाजूनेंहि थोडें हालचाल करणें प्राप्त आहे. शरद् ऋतूंतील 'चुसोक' सणास पितरांच्या पानासाठीं तळणाचे पदार्थ करतां करतां तेथील सुना थकून जातात. २०२२ सालीं सोंग्क्युन्ग्वान् या कन्फ्यूशियन परंपरेच्या पीठानेंच जाहीर केलें, कीं त्या पानावर तळण असलेंच पाहिजे असें नाहीं. आचाराच्या रक्षकांनीं आचार हलका करावा, हें आमच्या श्राद्ध-पक्षाच्या स्वयंपाकघरांनींहि ध्यानांत घेण्यासारखें आहे.

मग परक्यानें तेथें राहावें तरी कसें? या प्रश्नाचें उत्तर एका शिक्षकाच्या चरित्रांत आहे. होमर हल्बर्ट हा अमेरिकन १८८६ सालीं कोरियाच्या राजानें काढलेल्या शाळेंत इंग्रजी शिकवावयास गेला. शिकवितां शिकवितां तो स्वतःच शिकला. आणि विद्वान् लोक चिनी अक्षरें मिरवीत असतां त्यानें सामान्य जनांच्या हांगुल लिपींत भूगोलाचें पुस्तक लिहिलें. १९०७ सालीं जपानच्या वर्चस्वाविरुद्ध कोरियाची बाजू मांडण्याच्या खटपटींत तो पडला आणि पुढें त्यास त्या देशास मुकावें लागलें. १९४९ सालीं, वृद्धापकाळीं, कोरियन सरकारच्या निमंत्रणावरून तो परत गेला, आठवड्याच्या आंत वारला आणि सेऊल येथेंच त्याची समाधि झाली. त्याच्या हातून चुका झाल्या नसतील असें नाहीं; परंतु ज्यानें प्रथम शिष्यत्व पत्करलें, त्याच्या चुका लोकांनीं पोटांत घातल्या.

म्हणून परदेशीं निघालेल्या आमच्या मुलामुलींस आमचें सांगणें एवढेंच: तेथें गेल्यावर प्रथम एक वडील मनुष्य जोडा, आणि "माझें चुकेल तेथें एकांतीं सांगा," अशी त्यास स्पष्ट विनंति करा. आणि घरीं राहिलेल्या वडील मंडळींस सांगणें असें, कीं परक्या घरांतून आलेली मुलगी आपल्याहि घरीं उभी असते. तिला नांवें ठेवण्याआधीं आपण तिला गोड शब्दांत सांगितलें होतें काय, हें प्रत्येकानें आपल्याशीं विचारून पाहावें.