कोर्टात मुलाशेजारी बसणारी बाई



मुलींनी आणि सुनांनी काय करावे हा विषय निघाला की आपल्याकडे यादी ठरलेली असते. सीए, शिक्षिका, बँक, घरी ट्यूशन, आता नव्याने डाएटिशियन. या यादीत मला आणखी एक काम घालायचे आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांना पोलीस ठाण्यापासून कोर्टाच्या निकालापर्यंत सोबत करण्याचे काम. विषय वाचून काहीजणींना इथेच थांबावेसे वाटेल. थांबू नका, कारण हे काम पगारी आहे, शिकून करण्याचे आहे आणि आपल्या घरांत ते करू शकणाऱ्या बायका आहेत.

माझ्या नणंदेची सून सध्या या विचारात आहे. बी.ए. झालेली, अडतीस वर्षांची, आठ वर्षे बालवाडी सांभाळलेली. तिने घरात विषय काढला तेव्हा "असल्या घाणीत कशाला हात घालायचा" हे त्यातल्या त्यात सौम्य मत होते. नणंदबाईंनी मला फोन करून विचारले, "तुम्हाला काय वाटतं वहिनी?" फोनवर थोडे बोलले, उरलेले इथे लिहिते.

आधी काम काय ते सांगते. बालकांचे लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा 2012 चा. त्याच्या 2020 च्या नियमांत सपोर्ट पर्सन नावाची व्यक्ती आहे. गुन्ह्याची खबर मिळाली की पोलिसांनी चोवीस तासांत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला कळवायचे असते, आणि मुलाच्या व पालकांच्या संमतीने समिती ही व्यक्ती नेमते. 2023 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही नेमणूक मर्जीवर सोडून चालणार नाही, आणि तिच्याविषयी पालकांना सांगितलेच पाहिजे. ही बाई मुलाला दवाखान्यात, जबाबाच्या वेळी, कोर्टात सोबत करते. शाळा सुटली असेल तर ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून धडपडते. निकाल लागेपर्यंत दर महिन्याला समितीला अहवाल देते. आणि मुलाला किंवा पालकांना ती नको झाली, तर कारण न देता तिला बदलून मागता येते. हा शेवटचा नियम मला फार आवडला. सोबत लादायची नसते, हे कायद्यालाही कळले आहे.

या सोबतीची गरज का पडते? आईबाप असतात ना, असे नणंदबाईंनीच विचारले. असतात, पण त्यांचे हातपाय गळालेले असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे हेच दिसते की अशा बहुसंख्य गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. कधी शेजारी, कधी नातलग. मग निम्मे नातेवाईक इकडे आणि निम्मे तिकडे. अशा वेळी ज्याला कायदा माहीत आहे आणि ज्याचा कुणाशी लागाबांधा नाही, असे एक माणूस लागते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यावा, पोलीस गणवेशात नसावेत, मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनेच करावी, कोर्टात आरोपी मुलाच्या नजरेसमोर येऊ नये, वकिलाचे प्रश्न थेट न येता न्यायाधीशांमार्फत यावेत, असे सगळे कायद्यात लिहिलेले आहे. पण लिहिलेले आहे हे जागेवर कुणी आठवून दिले नाही तर कागद कागदच राहतो.

मी कॉमर्सची, त्यामुळे मला या कामात फाइल दिसते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतली का? न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जबाब कधी झाला? पुढची तारीख कोणती? नुकसानभरपाईचा अर्ज गेला का? महाराष्ट्रात 2013 पासून मनोधैर्य योजना आहे, तिच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे लागते. बँक खाते, आधार, झेरॉक्स. तारीख चुकली, कागद हरवला की अडते ते त्या मुलाचे. ज्या बायकांनी तीस वर्षे घरातल्या पॉलिस्या, पासबुके आणि मुलांचे दाखले सांभाळले, त्यांना हे अवघड नाही.

अवघड आहे ते तोंड सांभाळणे. नुसते गुपित राखणे पुरत नाही. मुलाला "काय झालं होतं" असे पुन्हा पुन्हा विचारायचे नाही. कोर्टात काय बोलायचे ते शिकवायचे तर मुळीच नाही. पढवलेला साक्षीदार म्हणून बचावाचा वकील नेमके तेच पकडतो आणि मुलाचे खरे बोलणेही खोटे ठरू पाहते. "त्याला शिक्षा होईलच" असे वचनही देता येत नाही.

सत्य अणुव्रताचे पाच अतिचार आपण तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात वाचतो. खोटा उपदेश, खोटे लेख, ठेव गिळणे हे तर आहेच, पण त्यात रहोभ्याख्यान आणि साकारमंत्रभेदही आहेत. कुणाची एकांतातली गोष्ट उघड करणे, आणि कुणाच्या चेहऱ्याहावभावावरून ताडलेले बाहेर सांगणे. म्हणजे बोललेली गोष्ट खरी असली तरी व्रताला डाग लागतो. स्वाध्यायात हे वाचून दुपारी भिशीत आपण काय बोलतो ते सगळ्यांना माहीत आहे. पीडितेची ओळख छापणे किंवा जाहीर करणे हा तर कायद्यानेही गुन्हा आहे.

आता पैशाचे. नणंदबाई म्हणाल्या, "करायचंच तर सेवा म्हणून करू दे, पैसे कशाला?" मला हे अजिबात पटत नाही. नियमांत मानधनाची तरतूद आहे आणि ते कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नसावे असेही म्हटले आहे. फुकट काम करणारी बाई घरी पाहुणे आले की सुट्टी घेते. मानधन घेणारी बाई तारखेला हजर असते, आणि घरच्यांनाही तिला अडवताना दोनदा विचार करावा लागतो. मात्र पैसे सरकारी आहेत, तेव्हा ते एक तारखेला येतील असे धरून कुणी कर्जाचा हप्ता बांधू नये.

पात्रतेविषयी थोडक्यात. समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा बालविकास यांत पदव्युत्तर पदवी हवी, किंवा साधी पदवी आणि मुलांच्या शिक्षणाचा वा संरक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. आमच्या सुनेची बालवाडी इथे उपयोगी पडते. चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करावी, यादी तिथे असते. लहान वयाच्या मुलींनी मात्र आधी एमएसडब्ल्यू करावे असे मला वाटते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे. मोठ्या स्त्रियांच्या बाबतीत असेच काम सखी वन स्टॉप सेंटरमध्ये चालते, तिथेही शिकलेली माणसे लागतात.

सगळ्यात जास्त बोलायचे आहे ते क्षमेबद्दल. आपले दशलक्षण पर्व उत्तम क्षमेने सुरू होते आणि क्षमावाणीने संपते. म्हणून अशी घटना समाजात घडली की चार वडीलधारी माणसे त्या घरी जातात आणि सांगतात, झाले गेले विसरा, क्षमा करा, मुलीचे पुढे लग्न व्हायचे आहे. हे बोलणे धर्माचे वाटते, पण ती क्षमा आहे कुणाची? ज्या मुलीवर प्रसंग आला तिला कुणी विचारलेलेच नसते. दुसऱ्याच्या खात्यातून परस्पर पैसे काढून दान केले तर त्याला आपण दान म्हणू का? क्षमा आतून येते, आणि येईल तेव्हा येते. तिचा आणि फौजदारी खटल्याचा संबंध नाही.

कायदाही इथे स्पष्ट आहे. असा गुन्हा माहीत असून पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. राजस्थानात एका शिक्षकावरचा खटला मुलीच्या वडिलांशी झालेल्या तडजोडीवरून उच्च न्यायालयाने रद्द केला होता. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा सुरू करायला लावला. तडजोडीला गेलेल्या त्या चार माणसांसमोर बसून हे शांतपणे सांगणारी बाई हवी असते, आणि ती आपल्यातली, आपली भाषा जाणणारी असेल तर माणसे निदान ऐकून घेतात. आमची सून हे काम करू लागली तर मला तिचा उपयोग इथे जास्त वाटतो. मात्र केस स्वतःच्या ओळखीच्या घरातली असेल तर तिने ती घेऊ नये. त्या मुलाला परके माणूसच बरे.

मनावर ताण येतो हे नणंदबाईंचे म्हणणे खरे आहे. रोज असले ऐकून झोप उडते, आपल्याच मुलांबद्दल भीती वाटू लागते. त्यासाठी अनुभवी व्यक्तीशी, नावे न घेता, ठराविक दिवशी बोलायची सोय असावी लागते. ती सोय नसेल तिथे काम स्वीकारू नये असे मी तिला सांगितले आहे. सुरुवातीला एकच केस घे, हेही.

आणि सासूबाईंना, म्हणजे माझ्या नणंदेला, एवढेच सांगितले की कोर्टाच्या दिवशी संध्याकाळी उशीर होतो. सूर्यास्ताआधी तिचे जेवण व्हायचे तर सकाळी डब्यात चार दशम्या जास्त द्या, आणि घरी आली की "आज काय झालं" असे विचारू नका.