पाकिटासाठी चेहरा

अंगणवाडीतून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी लाभार्थीचा चेहरा मोबाइलवर जुळवणे 1 जुलै 2025 पासून सक्तीचे झाले. गरोदर बाई असो, स्तनदा माता असो की तीन वर्षांखालच्या बाळाची आई. आधी आधारची केवायसी, मग फोटो, आणि पाकीट घेताना सेविकेच्या मोबाइलसमोर उभे राहून डोळे मिचकावायचे.

अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात ही अट कशी पाळायची? केवायसीचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. नंबर नवऱ्याचा, आणि नवरा नारायणगावकडे मजुरीला. तो रानातून फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, आणि आता दिवस भरत आल्याने तोंडावर सूज. घाटघर, रतनवाडीच्या बाजूला पावसात रेंज शोधत फिरावे लागते. आठवा महिना लागलेल्या बाईला त्यासाठी चढण चढायला लावणे अन्यायाचे आहे. बोगस नावे गाळायचा हेतू योग्यच. पण ज्या सेविकेने तिचे वजन केले, रजिस्टरला नोंद घेतली, ती या बाईला नावाने, घराने ओळखते. त्या ओळखीला किंमत नाही आणि मोबाइलच्या होकाराला आहे, हे पटण्यासारखे नाही.

चेहऱ्याचा हाच प्रश्न युरोपात विमानतळावर आणि सीमेवर वादाचा झाला आहे. पासपोर्टच्या चिपमधली माहिती मोबाइलमध्ये ठेवून सीमेवर आगाऊ पाठवण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने 8 ऑक्टोबर 2024 रोजी मांडला, तो ऐच्छिक म्हणून. ज्याला नको त्याने कागदी पासपोर्ट दाखवावा. त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या माहिती संरक्षण मंडळाने विमानतळांना बजावले, की चेहऱ्याचा साचा प्रवाशाच्याच हातात किंवा त्याच्याच किल्लीखाली हवा. ओळखपत्रावर बोटांचे ठसे द्यायला नकार देणारा विस्बाडेन शहरातला एक नागरिक थेट युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. मार्च 2024 मध्ये न्यायालयाने ठशांची सक्ती वैध ठरवली, पण कायदा चुकीच्या पद्धतीने केला म्हणून तो रद्द ठरवून नवा करायला मुदत दिली. सरकारला असे उत्तर द्यावे लागते, हे महत्त्वाचे. युरोप परक्यांशी मात्र इतका हळवा नाही. ऑक्टोबर 2025 पासून सुरू झालेल्या नोंदणीत बाहेरून येणाऱ्यांचा चेहरा सक्तीने घेतला जातो आणि साधारण तीन वर्षे ठेवला जातो. तिकडे राहणाऱ्या मुलांकडे जाणाऱ्या आपल्या आईवडिलांनाही ते चुकत नाही.

आपल्याकडे पुणे विमानतळावर चेहरा दाखवून आत जायची डिजियात्रा आहे; ती नको असेल तर बाजूची रांग मोकळी आहे. विमानाने जाणाऱ्याला निवड आणि पाकीट घेणारीला सक्ती, ही तफावत मला सर्वांत जास्त खुपते. तिचा आहार हा 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमुखाने सांगितले. आधार नाही म्हणून कोणत्याही बालकाला योजनेचा लाभ नाकारू नये, हे त्याच न्यायालयाच्या 2018 च्या आधारवरील निकालात आहे. आणि 2023 च्या माहिती संरक्षण कायद्यातले कलम 7 पाहा: अनुदान किंवा लाभ देताना सरकार ठरावीक परिस्थितीत नव्याने संमती न घेताही माहिती वापरू शकते. म्हणजे ज्या बाईला नाही म्हणायची सोय सर्वांत कमी, तिच्याच बाबतीत कायदा सर्वांत सैल.

चेहरा जुळला नाही, रेंज आली नाही किंवा बाईने चेहरा द्यायला नकार दिला, तरी रजिस्टरवर सही किंवा अंगठा घेऊन त्याच दिवशी पाकीट द्यावे, असा लेखी आदेश महिला व बालविकास विभागाने काढावा. घेतलेला फोटो कुठे राहतो आणि कधी पुसला जातो, हेही त्यात असावे. हा आदेश तालुक्यातल्या प्रत्येक अंगणवाडीच्या दारावर मराठीत लागला पाहिजे, आणि तो लागेपर्यंत ग्रामसभांनी तसा ठराव करून पंचायत समितीकडे पाठवत राहावे.