पडलेली किंमत उचलावी का?



जून २०२२ मधली नागपूर जिल्ह्यातल्या खापरखेड्याची बातमी आठवत असेल. एक माणूस एटीएममधून पाचशे रुपये काढायला गेला, तर पाचशेच्या पाच नोटा बाहेर आल्या. त्याने पुन्हा काढले, पुन्हा पाच. शंभरच्या नोटांच्या कप्प्यात कोणीतरी पाचशेच्या नोटा भरल्या होत्या. गावात बातमी पसरली आणि रांग लागली. शेवटी एका ग्राहकानेच पोलिसांना कळवले, तेव्हा मशीन बंद झाले.

त्या रांगेला आपण सगळ्याच नावे ठेवतो. पण हीच रांग मोबाईलवर लागली की आपल्याला ती रांग वाटत नाही. ॲपवर कोणाच्या हातून एक शून्य गळते, ३,४९० चे ३४९ होतात, आणि तासाभरात ती लिंक सगळ्या ग्रुपवर फिरते. याला नाव काय दिले आहे तर ‘लूट डील’. शब्द तरी प्रामाणिक आहे.

या विषयावर आमच्या महिला मंडळात बरीच खडाजंगी झाली. स्टीलच्या सहा ताटांचा सेट ६९ रुपयांना दिसत होता. कोणीही सांगेल की तो ६९० चा असणार. “लवकर करा, त्यांच्या लक्षात यायच्या आत,” असा मेसेज आला. मग एकीने सुचवले की मंदिराच्या भोजनशाळेसाठीच पन्नास सेट मागवू, तीनशे ताटे साडेतीन हजारांत होतील, आपल्याला घरी थोडेच न्यायचे आहे. मी नको म्हटले, ते काहींना लागले. दोन ओळींच्या मेसेजमध्ये ते नीट सांगता आले नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

“कायद्याने यात काही गैर नाही,” असे एका सुनेने लिहिले होते, आणि तिचे म्हणणे अगदीच चूक नाही. बी.कॉम.ला १८७२ चा करार कायदा अभ्यासलेल्या मैत्रिणींना आठवेल, दुकानात लावलेली किंमत हा प्रस्ताव नसतो, ते प्रस्तावाचे निमंत्रण असते. ऑर्डर आपण देतो, ती स्वीकारायची की नाही हे दुकानदार ठरवतो. पण एकदा स्वीकारली, की एकाच बाजूची चूक झाली एवढ्याच कारणाने करार मोडता येत नाही, असे कलम २२ सांगते. ओडिशातल्या एका विद्यार्थ्याने २०१४ मध्ये अमेझॉनवर २३,४९९ रुपयांचा लॅपटॉप १९० रुपयांना दिसला म्हणून मागवला. ऑर्डर पक्की झाल्याचा मेसेज आला आणि नंतर ती रद्द झाली. तो ग्राहक मंचात गेला, आणि २०२१ मध्ये राज्य आयोगाने कंपनीला एकूण ४५,००० रुपये द्यायला सांगितले. पक्की केलेली ऑर्डर मोडायची आणि ग्राहकाला ताटकळत ठेवायचे, याबद्दल कंपनीचे कान उपटले ते बरेच झाले.

पण कायद्याची दुसरी बाजूही आहे. १९३९ चा एक इंग्लिश खटला आहे. (सशांच्या कातड्यांचा आहे, क्षमा असावी, पण खटला तेवढा नेमका आहे.) विकणाऱ्याने नगाचा भाव चुकून पौंडाचा भाव म्हणून कळवला. एका पौंडात साधारण तीन कातडी बसत, म्हणजे माल तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत जाणार होता. हा व्यापार नगावर चालतो हे घेणाऱ्याला पक्के माहीत असणार, म्हणून कोर्टाने त्याला काही मिळू दिले नाही. सिंगापूरला २००३ मध्ये ३,८५४ डॉलरचा प्रिंटर वेबसाइटवर ६६ डॉलरला दिसला. सहा जणांनी मध्यरात्रीनंतर एकमेकांना कळवून १,६०६ प्रिंटर मागवले. तिथल्या कोर्टानेही त्यांना हात हलवत परत पाठवले. एक प्रिंटर मागवणाऱ्याला फसगत झाली असे म्हणता येईल. १,६०६ मागवणाऱ्याला काय म्हणायचे?

आता आपल्या घरचे. रत्नकरंडक श्रावकाचारात आचार्य समंतभद्रांनी अचौर्याणुव्रत सांगताना कुलूप तोडणाऱ्या चोराची गोष्ट केलेली नाही. दुसऱ्याची कुठे ठेवलेली, पडलेली किंवा विसरलेली वस्तू, जी त्याने दिलेली नाही, ती स्वतः घ्यायची नाही आणि दुसऱ्यालाही द्यायची नाही, असा त्याचा आशय आहे. स्वाध्यायात हे आपण कितीदा तरी वाचले असेल. गळलेले शून्य म्हणजे पडलेली वस्तूच. आणि दुसऱ्यालाही न देण्याचे जे सांगितले आहे ते मला आज जास्त महत्त्वाचे वाटते. मी काही मागवले नाही, फक्त लिंक पुढे पाठवली, असे म्हणून सुटता येत नाही. भोजनशाळेच्या ताटांनाही तेच लागू आहे. जे आपल्याला दिलेलेच नाही त्याचे दान आपण कसे करणार? त्या ताटांत त्यागी-व्रतींना आहार वाढायची वेळ आली तर माझा तरी हात थांबला असता.

प्रत्येक स्वस्त किमतीवर संशय घ्या असे माझे म्हणणे नाही. दिवाळीच्या सेलमध्ये साठ टक्के सूट असते, ती दुकानदाराने समजून उमजून दिलेली असते. जुना माल काढायचा असतो, नवे गिऱ्हाईक जोडायचे असते. ती खुशाल घ्यावी. कधीकधी खरोखरच कळत नाही, अशा वेळी घरापुरता एक नग मागवला तर मी कोणाला दोष देणार नाही. पण चूक सुधारायच्या आत मागवायची घाई ज्या वस्तूची लागते, तिथे आपल्याला कळलेले असतेच. सेलची घाई सेल संपेल म्हणून असते, ही घाई समोरच्याला कळेल म्हणून असते.

“एवढी मोठी कंपनी, तिला काय फरक पडतो?” हे तर प्रत्येक वेळी ऐकू येते. डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये किंमती आपोआप बदलणारे एक सॉफ्टवेअर बिघडले आणि अमेझॉनवरच्या शेकडो विक्रेत्यांचा माल तासभर एका पेनीला विकला गेला. त्यांतले बरेच घरगुती, छोटे धंदे होते. माल अमेझॉनच्या गोदामात असल्याने त्यांना कळेपर्यंत खोकी निघालीही होती. आपल्याकडेही ॲप एकाचे असते आणि विकणारा दुसराच, कुठल्या तरी गल्लीतला, असतो. आपल्यातल्या कितीतरी घरांत दुकान आहे, अडत आहे. गल्ल्यावरच्या पोराने ६९० च्या जागी ६९ लिहिले आणि कोणी पन्नास नग उचलून नेले, तर त्याला आपण हुशार गिऱ्हाईक म्हणू का? काटा मारणाऱ्या व्यापाऱ्याला आपण धर्म सांगतो. काटा दुसऱ्या बाजूला झुकला म्हणजे धर्म बदलत नाही.

या कंपन्याही आपल्याला लुबाडतातच, हे मात्र मला मान्य आहे. किंमत आधी वाढवून मग सूट दाखवतात, शेवटच्या पानावर कसलेसे शुल्क लावतात. त्यासाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, ग्राहक आयोग आहे, तिथे जरूर भांडावे. पण एका कंपनीचा हिशोब तिच्या ॲपवरच्या भलत्याच विक्रेत्याकडून चुकता करता येत नाही.

राहिला प्रश्न माल घरी येऊन पडला असेल तर काय करायचे याचा. आमच्या ग्रुपमधल्या एकीची ऑर्डर रद्द झाली, एकीचे खोके आले. खोक्यातल्या बिलावर विक्रेत्याचे नाव आणि पत्ता असतो, ॲपवरही वस्तूच्या पानावर तो शोधता येतो. खोके न फोडता आधी त्याला कळवावे की किंमत चुकलेली दिसते, परत पाठवू की फरकाची रक्कम देऊ. रक्कम द्यायची तर ॲपमार्फतच विचारावे, कोणी फोनवर पाठवलेल्या लिंकवर पैसे भरू नयेत, फसवणारे टपलेलेच असतात. “राहू द्या, तुम्ही ठेवा,” असे विक्रेता स्वतः म्हणाला तर ती वस्तू दिलेली झाली, मग वापरायला हरकत नाही. उत्तरच आले नाही तर परत करण्याची मुदत असते, बहुधा सात किंवा दहा दिवस, ती उलटू देऊ नये. माझ्या त्या मैत्रिणीचे खोके अजून फोडलेले नाही. तिने परवा विक्रेत्याला मेसेज टाकला आहे, आणि मुदतीचे चार दिवस शिल्लक आहेत.