टेस्ट रिपोर्टवरची सही

मंडळी, सांगलीत नवीन वीजजोडणी घ्यायची म्हणजे लायसनवाल्या कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. आणि तो म्हणे 'मिळवायचा' असतो! घर न बघता कुणी सही ठोकली की झालं. वर पुन्हा, "लायसन म्हणजे नुसते पैसे खायचे धंदे" हे आहेच.

मला हे अजिबात पटत नाही. १९५६ चे वीज नियम घ्या की २०२३ चे, वायरिंग परवानाधारकानेच करायचं, जाणकाराच्या देखरेखीखाली. बल्ब, पंखा, फ्यूज बदलायला ही अट नाही. म्हणजे कायदा काही आडमुठा नाही.

२००५, २०१९, २०२१... कृष्णा किती घरांत शिरली! भिजलेली वायर वरून कोरडी दिसते, पण आतलं इन्शुलेशन शाबूत आहे का ते मेगर लावल्याशिवाय कळत नाही. तिथे सही काय कामाची?

फरशीच्या रंगासाठी चार दुकानं पालथी घालायची आणि काटकसर अर्थिंगमध्ये? कंत्राटदाराला पैसे जरूर द्या. पण त्याला घरी बोलवा, इन्शुलेशन आणि अर्थिंग समोर मोजून घ्या, आकडे रिपोर्टवर लिहून घ्या. नुसत्या सहीला दिलेला रुपयासुद्धा महागच.

बघा पटतंय का.